चूक माझी, नाव तुझं

विमल, तीन वर्षं आपण एकमेकींशी धड बोललो नाही, आणि आता ऐकायला तू नाहीस तर माझं तोंड थांबत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, शांतीचं हे असंच, वरातीमागून घोडं. म्हण. तुझ्या तोंडची बोलणीही आता मिळणार नाहीत मला.

तुझी बातमी मला पोस्टकार्डानं कळली. आपल्या वर्गातल्या एकानं धाडलं होतं. विमलला कावीळ झाली, सातवा महिना होता, सोलापूरला नेईपर्यंत सगळं संपलं. कार्डाच्या उरलेल्या जागेत त्यानं स्वतःच्या बदलीचं लिहिलं होतं. मी तेव्हा सहकारी संघाच्या औषध दुकानात काउंटरवर होते आणि समोर गिऱ्हाईक उभं होतं. त्याला मलम दिलं, कसं लावायचं ते सांगितलं, त्याच्याकडून ते परत म्हणून घेतलं, आणि मग मागं खोक्यांच्या आड जाऊन बसले. रडू आलं नाही. राग आला. काविळीनं जावं तू? टँकरच्या पाण्यानं? सगळ्या शिबिराला पाणी उकळून प्यायला लावणारी बाई तू. आरशात डोळे पिवळे दिसल्यावर तुला कळलं नसेल यावर माझा विश्वास नाही. तुला पहिल्या दिवशी कळलं असणार. घरात तुझ्या म्हणण्याला कुणी विचारलं नसणार, एवढंच.

तसं बघितलं तर आपली गाठ पडायचं काही कारण नव्हतं. मी जळकोटच्या बौद्धवाड्यातली, वडील, आमचे दादा, रस्त्याच्या डांबरी कामावर. तू ईट गावची, विहीर-बागाईत असलेल्या मोठ्या घरातली. पण फार्मसीच्या वर्गात चाळीस पोरं आणि पोरी आपण दोघीच, मग जाणार कुठं? मी पहिल्या बाकावर आणि परीक्षेत पहिली. तू शेवटच्या बाकावर आणि वर्गाबाहेर जिथं जाशील तिथं पहिली. मला वाटायचं, ही पोरगी दोन वर्षं उनाडक्या करून जाणार आणि खरा फार्मासिस्ट मी होणार. किती शहाणी होते बघ मी.

त्या दिवसांत आपल्या जिल्ह्यात जो उठेल तो सोसायटीचा नाहीतर कारखान्याचा चेअरमन व्हायला निघालेला. आपल्या पोरांनी ती हौस कॉलेजातच भागवून घेतली. 'विद्यार्थी सहकारी भांडार' काढलं. भांडार कसलं, एक कपाट आणि एक टेबल. जर्नलच्या वह्या, पांढरे एप्रन, काचेच्या नळ्या. पण चेअरमन, व्हाइस चेअरमन, सात संचालक, सगळा थाट. विकायला बसायला तेवढं कुणी नाही. दारावर एक पाटी असायची, 'आज बसणार', आणि पुढं खडूनं नाव. नाव रोज असायचं, माणूस क्वचित. एकदा खुद्द चेअरमनसाहेब पाटीवर नाव लिहून सिनेमाला गेले. तू ती पाटी पुसलीस आणि दुसऱ्या दिवशी भर वर्गात त्याला सांगितलंस, "ज्याचं नाव, त्याचं बूड." सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं, पोरीच्या जातीनं असा शब्द काढावा! पण पुढं तोच भांडाराचा कायदा झाला. औषध कायद्याच्या तासाला सरांनी शिकवलं होतं की फार्मासिस्ट हजर असल्याशिवाय औषध द्यायचं नाही. ते कलम मी पाठ केलं, पेपरात उतरवलं आणि मार्कही घेतले. कळलं मात्र ते तुझ्या त्या चार शब्दांनी.

मला चार माणसांत तोंड उघडायला यायचं नाही. नाव शांता, आणि राग आला की फोडणी. पण तो सगळा घरात. बाहेर मुकी. तूच मला गॅदरिंगच्या नाटुकल्यात ढकललंस. मी खोकणारी म्हातारी, तू कंपाउंडर. तू बाटलीतलं औषध कसं घ्यायचं ते सांगायचीस आणि म्हणायचीस, आता तुमी सांगा बरं मला. मी दर वेळी उलटंच सांगायची आणि मांडव हसायचा. नाटुकलं तसं भिकारच होतं, तुझं तुला माहीत. पण आज माझ्यासमोर येणाऱ्या प्रत्येक माणसाकडून मी औषध परत म्हणून घेते. संघाचे मॅनेजर म्हणतात, बाई, तुम्ही गिऱ्हाइकाची परीक्षा घेता का काय. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही, हे त्यांना कसं सांगू? लुगड्याचा पदर सावरत खोटं खोकताना शिकले मी ते.

आणि मग कॉलेजचं ते श्रमदानाचं शिबिर. दादा पाठवायला तयार नव्हते. तू एस्टीनं जळकोटला आलीस, आमच्या चुलीपुढं बसून भाकरी खाल्लीस, पाणी मागून घेतलंस. आई त्या मागून घेतलेल्या पाण्याचं लई दिवस सांगत होती. दादांनी विचारलं, पोरींची सोय काय तिथं? तू म्हणालीस, काका, मी हाय ना. दादांना तेवढं पुरलं. मलाही पुरलं होतं.

तामलवाडीच्या पलीकडं ते गाव. पावसानं त्या साली पाठ फिरवलेली, पोरं दिवसभर नालाबांधावर माती टाकायची, आणि आपल्याकडं सरांनी पिण्याची विहीर दिली. तिच्यात ब्लीचिंग पावडर टाकायची. हिशेब माझ्याकडं, कारण वर्गात पहिली मी. मी दोरीनं विहिरीचा घेर मोजला. खोली ग्रामपंचायतीच्या कागदावर लिहिलेली होती, ती तशीच घेतली. दोनदा गुणाकार तपासला, तुला दाखवला, तू नुसती मान हलवलीस. पावडर कालवून मीच काठावर उभी राहून ओतली. आणि कागदावरची विहीर होती भरलेली, विमल. खालच्या विहिरीत तळाला पुरुषभर पाणी. मी विहिरीचा हिशेब केला, पाण्याचा केलाच नाही. दुष्काळातल्या घरात जन्मलेली, बाहत्तर साली आईबरोबर खडीच्या कामावर गेलेली पोरगी मी, आणि वाकून पाणी किती आहे ते बघितलं नाही. गणितात गुंग होते ना!

ओतून झाल्यावर काठावर दोरी गुंडाळत होते, तेव्हा एक म्हातारी येऊन उभी राहिली. तिनं आधी माझं नाव विचारलं, मग गाव, मग आडनाव. हे कुठं चाललंय ते मला चांगलं ठाऊक होतं. मी सांगायला तोंड उघडलं, तोच तू मधे बोललीस, "औषधवाली हाय ती, आजी." म्हातारीनं आडनाव सोडून दिलं. त्या दिवशी मला काय वाटलं ते मी तुला कधी सांगितलं नाही. बरं वाटलं. जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्या आडनावाच्या आधी माझं काम सांगितलं. आणि वाईटही वाटलं, की माझं आडनाव तू गिळलंस. दोन्ही खरं आहे. त्यातलं एक निवड म्हणशील तर अजून निवडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका घागरी घेऊन शाळेपुढं हजर. पाण्याला उग्र वास, तोंडात धरवत नाही, पोरं ओकतायत. आख्ख्या गावाला प्यायला तेवढं एकच पाणी. ती म्हातारी पुढं होती. म्हणाली, काल ती पोरगी हिरीवर चढली व्हती, तवाच मला वाटलं. सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. आणि तू पुढं झालीस. शांतपणे सांगितलंस की औषध म्या टाकलं, हिशेब माझा चुकला, हिनं नुसती दोरी धरली. नंतर शिबिराच्या वहीत, ब्लीचिंग कुणी टाकलं त्या रकान्यात, माझं नाव खोडून स्वतःचं लिहिलंस. मग दोन दिवस उन्हात विहिरीच्या काठावर बसलीस. येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगत होतीस, घागर उन्हात उघडी ठेवा, वास गेला की प्या. आधी स्वतः पिऊन दाखवत होतीस. तुझे ओठ उलले होते. सरांनी तुला सगळ्यांसमोर झाडलं. उत्कृष्ट शिबिरार्थीचं बक्षीस तुझं ठरलेलं होतं, ते मला दिलं. आणि मी ते घेतलं.

त्या संध्याकाळी शाळेच्या मागं मी तुझ्यावर धावून गेले. आठवतंय? आभार मानायचे सोडून भांडायला लागले. माझी चूक मला का करू दिली नाहीस, म्हणाले. तू पाय धूत होतीस, पोचाऱ्यासारखं ओलं फडकं पायावर फिरवत, कारण पाणी तेवढंच वाट्याला यायचं. मान वर न करता बोललीस.

"माझ्या हातनं झाली तर ती हिशेबाची चूक, शांते. तुझ्या हातनं झाली म्हणले असते तर हीर बाटली असती. तुला कळत न्हाय व्हय?"

कळत होतं गं. तुझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पण मला माझ्या नावानं चुकायचं होतं. तुझ्यासारखं चुकून, शिव्या खाऊन, काठावर बसून निस्तरायचं होतं. तो हक्क तुला जन्मानं मिळालेला, म्हणून तुला तो दिसला नाही. हे मी तेव्हा बोलले नाही, कारण एवढं नीट मला तेव्हा बोलताच आलं नसतं. आपलं ते भांडण तिथंच अर्धं राहिलं. दुसऱ्या दिवशी तू मला हसवलंस आणि मी हसले.

पास झालो. मला सहकारी संघाच्या औषध दुकानात नोकरी लागली. पहिल्या दिवशी भिंतीवर माझं सर्टिफिकेट लावलं, तेव्हा दादा मुद्दाम बघायला आले होते. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी आपलं आडनाव कुठं लिहिलंय ते मला बोटानं दाखवायला लावलं आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले. तुझं लग्न ठरलं. मोठं घर, सासरे कारखान्याचे संचालक, आणि धाकट्या दिराला मेडिकल टाकून द्यायचं होतं. मुलगी फार्मासिस्ट आहे म्हटल्यावर त्यांनी दुसरं काही मागितलं नाही. तू पत्रात लिहिलं होतंस, शांते, माझा हुंडा चौकटीत बसवलाय. मला वाटलं, चेष्टा करतेस.

चेष्टा नव्हती. तुझ्या सासरी बाजाराच्या दिवशी मी न कळवता आले, तुला काउंटरवर बघायचं म्हणून. दुकानात तुझं सर्टिफिकेट भिंतीवर, वर हार घातलेल्या देवाच्या शेजारी, आणि खाली तुझा दीर. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं अक्षर त्याला लागत नव्हतं. डब्याच्या रंगावरून औषधं काढत होता आणि गिऱ्हाइकांना ठणकावून सांगत होता. मी तशीच घरी आले. तू सोप्यात शेंगा फोडत बसली होतीस, डोक्यावरून पदर घेऊन. मला बघून तुझं तोंड फुललं आणि मी ते कोमेजवलं. काय काय बोलले मी! नाव विकलंस म्हणाले. लाज कशी वाटत नाही म्हणाले. उद्या तुझ्या नावावर कुणाचं पोर मेलं तर काठावर जाऊन बसशील का, असंही विचारलं. तू शेंगा फोडत राहिलीस. मग म्हणालीस, या घरची सून काउंटरवर बसत न्हाय, तीनदा विचारून बघितलं, चौथ्यांदा विचारायचं बळ न्हाय. तुझ्या घरानं तुला बसू दिलं, तुझं बरं हाय.

मी म्हणाले, आमच्या घरात पोटासाठी सगळ्यांना बाहेर पडावंच लागतं, त्याला बरं म्हणतेस तू? तेव्हा तू सुपातनं वर बघितलंस.

"एकदा माझं नाव तुझ्या चुकीवर चाललं व्हतं. तवा तुला चाललं."

मी चहा न घेता उठले. वेशीपर्यंत आले तरी मला वाटत होतं, मागनं हाक येईल. तुला कदाचित वाटत असेल, मी वळून बघीन. दोघीही हट्टाच्या. तीन वर्षं गेली त्यात. तू खोटं बोलली नव्हतीस, तेच मला सोसलं नाही. ज्याचं नाव त्याचं बूड, हा तुझा नियम मोडायला तूच शिकलीस, आणि पहिल्यांदा मोडलास तो माझ्यासाठी. नावाआड दुसऱ्याला उभं करता येतं हे तू त्या विहिरीवर माझ्यापायी शिकलीस की काय, असं आता कधीकधी मनात येतं. मग मी ते ढकलून देते. तेवढा मोठेपणा मला नको.

आता सगळ्यांत वाईट ते सांगते. तू गेलीस त्याच्या दोन महिने आधी माझ्या दुकानात आलीस. बरोबर कुणीतरी होतं, त्याला बाहेर थांबवलंस. पोट दिसत होतं, तोंड उतरलेलं होतं. लोहाच्या गोळ्या मागितल्यास, जशी कुणी परकी बाई मागते. मी दिल्या. एक म्हातारा आला, त्याला मी औषध सांगितलं, त्याच्याकडून परत म्हणून घेतलं. तू बाजूला उभी राहून ऐकत होतीस आणि तुझे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. तो गेल्यावर तू विचारलंस, "थोडा वेळ आत येऊन बसू का गं?"

मी म्हणाले, आत कामावरची माणसंच बसतात.

तू हसलीस. गोळ्या पदरात बांधल्यास आणि गेलीस. मी पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळले. आतल्या दुसऱ्या स्टुलावर नुसता फडका पडला होता, विमल. तो उचलायला मला काय झालं होतं? दिवसातनं किती वेळा मी ते वाक्य मागं घेते. कुणाजवळ घेऊ? वर्गातली पोरं पत्र लिहितात तर बदलीचं लिहितात. आई म्हणते, मैत्रीण गेली म्हणून कुणी इतकं करत नाही. दुकान बंद करून घरी आले की आपल्या दोघींतलं काही कळणारं माणूस मला या जिल्ह्यात सापडत नाही.

तुझ्या दहाव्याला मी आले होते. बायकांत बसले, कुणी ओळखलं नाही. परतताना दुकानावरनं गेले. दुकान चालू होतं आणि तू भिंतीवर होतीस. दिरानं ओळखलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, ताई, तुमी तर वहिनींच्या खास, आता तुमचंच सर्टिफिकेट लावू. तुमी येऊ नका, कशाला तरास, आमी सांभाळतो सगळं. मी त्याला म्हणाले, मेलेल्या बाईच्या नावावर आज किती जणांना औषध दिलंस? तो म्हणाला, आता आजूबाजूला दुसरं दुकान तरी कुठं हाय? ते खरं होतं. दारात एक बाई कडेवर तापलेलं लेकरू घेऊन उभी होती. मी आत गेले, तिची चिठ्ठी वाचली, औषध काढलं, तिच्याकडून तीनदा म्हणून घेतलं. मग स्टुलावर चढून तुझी चौकट उतरवली आणि पदराखाली घेऊन बाहेर पडले. तो मागनं काहीबाही बोलत होता. आठ दिवसांत बाहेरगावच्या कुणाचं तरी सर्टिफिकेट तिथं लागलं असं ऐकते. म्हणजे बदललं काहीच नाही. तू तेवढी तिथं नाहीस.

मग मी मुंबईच्या फार्मासिस्ट नोंदणी कचेरीला अर्ज लिहिला. धारक मयत, सबब नाव कमी करावे. लिहिलं, कारण कायदा तसा आहे. अर्जदाराचे नाते, या रकान्यात मैत्रीण लिहिलं. तीन आठवड्यांनी अर्ज परत आला. मैत्रीण हे नातं ते धरत नाहीत. पतीची नाहीतर वारसाची सही लागते.

तुझ्या नवऱ्याकडं जाऊन सही आणायची, एका एस्टीचं काम. तो नाही म्हणणार नाही, वाचणारही नाही. मागच्या सुट्टीला निघाले होते, स्टँडवर बसून परत आले. त्याच्या आधीच्या सुट्टीला घरातनंच निघाले नाही. माणूस नसताना नाव लावलं म्हणून मी तुझ्याशी तीन वर्षं बोलले नाही. आणि आता सरकारच्या वहीत माझ्या खाली चार नंबर सोडून तू अजून फार्मासिस्ट आहेस, आणि ते नाव तिथं राहतंय ते फक्त माझ्यामुळं. जाईन मी सही आणायला, जावं लागेलच. या महिन्यात नको.